थारचं नाक दोन इंच वर करणारं स्वस्त किट: गाडीचं काय होतं, आणि वडाळ्याच्या आरटीओत काय होऊ शकतं?

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या गाड्यांवर जो एमएच ०३ नंबर दिसतो, त्याचं कार्यालय वडाळ्यात आहे. ट्रक टर्मिनलच्या बाजूला, आणिककडे जाणाऱ्या पट्ट्यात. आजूबाजूला ट्रक, टेम्पो, टॅक्स्या आणि एजंट. पण आता या गर्दीत एक वेगळी गाडी येऊन उभी राहायला लागेल. जुनी महिंद्रा थार.

कारण साधं आहे. पहिली थार बाजारात आली २०१० च्या ऑक्टोबरमध्ये. खासगी गाडीची नोंदणी असते पंधरा वर्षांची. ती संपली की फॉर्म २५ भरायचा, कारसाठी पाच हजार रुपये फी भरायची (२०२२ च्या एप्रिलपर्यंत ती सहाशेच होती), महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची. पास झाली तर आणखी पाच वर्षं. म्हणजे २०१० च्या शेवटी आणि २०११ मध्ये घेतलेल्या थार आता एकेक करून मोटार वाहन निरीक्षकासमोर उभ्या राहणार.

आणि यातल्या किती गाड्या शोरूममधून निघाल्या तशाच आहेत? रस्त्यावर नजर टाकली तरी अंदाज येतो. कुणाचा टायर मडगार्डच्या बाहेर आलाय, कुणाचा बंपर लोखंडी आहे, आणि बऱ्याच गाड्यांचं नाक वर आहे.

हे नाक वर करणं म्हणजेच 'लेव्हलिंग'. इन्स्टावर त्याचे रील भरपूर आहेत. एक माणूस जॅकवर गाडी चढवतो, काळ्या रंगाची दोन कडी दाखवतो, मागे गाणं वाजतं, आणि तीस सेकंदांत गाडी दोन इंच उंच. खर्च काही हजार. खाली कमेंट एकच, 'भावा लिंक दे'.

त्या तीस सेकंदांत जे दाखवलं जात नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे किट कशासाठी असतं ते बघू

जीप किंवा पिकअप रिकामी उभी असते तेव्हा बहुतेक वेळा तिची मागची बाजू थोडी वर असते. कंपनीने मुद्दाम तशी ठेवलेली असते. मागे चार माणसं बसली, सामान पडलं की मागची बाजू दबते आणि गाडी सरळ होते. पण ज्याच्या गाडीत मागे कधी ओझंच नसतं, त्याला गाडी सतत पुढे झुकलेली दिसते. वर पुढे विंच आणि लोखंडी बंपर लावला की नाक आणखी खाली जातं. एक विंचच तीस-चाळीस किलोची असते.

म्हणून फक्त पुढची बाजू वर करायची. त्याचे मार्ग गाडीप्रमाणे बदलतात.

२०१० च्या थारच्या सीआरडीई मॉडेलमध्ये पुढे गुंडाळीची स्प्रिंग नाहीच. तिथे टॉर्शन बार आहे. म्हणजे पोलादाची एक लांब सळई, जी पिळली जाते आणि तो पीळ स्प्रिंगचं काम करतो. सळईचं एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चासीला. चासीकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो आणि नाक वर. या गाडीला खरं तर किटही लागत नाही, पाना पुरतो. त्यामुळे सगळ्यात जास्त प्रयोग याच गाडीवर झाले. मागे कमानपाटे आहेत, तिथे लांब शॅकल टाकून किंवा एक पाटा वाढवून उंची मिळवतात. ट्रकवाल्यांसाठी पाटा वाढवणं हे रोजचं काम, त्यामुळे ते करून देणारे हात ट्रक टर्मिनलच्या आसपास शोधावे लागत नाहीत.

२ ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार वेगळी. पुढे डबल विशबोन, म्हणजे वर एक आर्म, खाली एक आर्म आणि मध्ये स्प्रिंग गुंडाळलेला शॉकअप. मागे अखंड एक्सल, पण पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा. इथे स्वस्त किट म्हणजे स्पेसर. ॲल्युमिनियमची किंवा कडक प्लॅस्टिकसारख्या पॉलियुरेथेनची जाड चकती. ती शॉकअपच्या डोक्यावर बसवायची. शॉकअप खालच्या आर्मच्या मधल्या भागात बसलेला असल्यामुळे चकती जेवढी जाड, त्याच्या दीडपट ते दुप्पट उंची चाकापाशी मिळते. इंचभराची चकती, दोन इंचांची उचल. रीलमधली जादू ती हीच.

२०२३ च्या जूनमध्ये आलेल्या मारुती जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आणि वेगळ्या स्प्रिंगा आहेत. तिथे स्प्रिंगखाली किंवा वर रबराची, पॉलियुरेथेनची गादी टाकतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ही, की उंची वाढली पण बाकी काहीच बदललं नाही.

शॉकअपच्या डोक्यावर चकती बसली म्हणजे अख्खा शॉकअप तेवढा खाली सरकला. आता खड्ड्यात चाक खाली लोंबेल तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या पलीकडे जाईल. तिथे बॉल जॉइंट त्याच्या टोकाच्या कोनापर्यंत वाकतो. चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तिरपा होतो, त्याचं रबरी बूट घासून फाटतं, ग्रीस बाहेर येतं, माती आत जाते. काही महिन्यांनी वळताना टकटक आवाज येतो आणि त्या दिवशी चकतीची खरी किंमत कळायला लागते.

उलट बाजूने, चाक जोरात वर आलं तर पूर्वी आधी रबराचा थांबा लागायचा आणि धक्का चासी घ्यायची. आता थांबा आहे तिथेच आहे, पण शॉकअप खाली आलाय. त्यामुळे थांबा लागायच्या आधीच शॉकअप आतून पूर्ण दबतो आणि धक्का त्याच्या सीलवर बसतो. चांगल्या किटमध्ये थांबा खाली आणायचा तुकडा दिलेला असतो. स्वस्त किटमध्ये तो नसतो, म्हणूनच ते स्वस्त असतं.

टॉर्शन बारच्या गाडीत गोष्ट वेगळ्या बाजूने बिघडते. बोल्ट आवळला की गाडी उभ्या उभ्याच शॉकअप अर्धाअधिक ताणलेला असतो. वर यायला जागा भरपूर, खाली जायला जागा नाही. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'ठक्' आवाज येतो ना, तो शॉकअप शेवटाला जाऊन आपटल्याचा. ज्या गाडीने दगडावरून जाताना चाक जमिनीला चिकटवून ठेवायचं, तिचं चाक हवेत राहतं. म्हणजे ऑफरोडसाठी केलेला बदल ऑफरोडलाच मारक ठरतो.

जिम्नीचा प्रश्न तिसराच. तिचा पुढचा एक्सल चासीला लांब आर्मनी जोडलेला आहे. गाडी वर उचलली की हे आर्म तिरपे होतात आणि एक्सल किंचित पुढे कलंडतो. त्यामुळे कॅस्टर नावाचा कोन कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क जसा तिरका असतो आणि त्यामुळे हँडल आपोआप सरळ होतं, तसंच काम कॅस्टर करतो. तो घटला की स्टिअरिंग हलकं, भिरभिरं लागतं. गल्लीत हे जाणवत नाही. ईस्टर्न फ्रीवेवर वेग वाढला की जाणवतं. शिवाय एक्सलला आडवा धरून ठेवणारा रॉड असतो, तो उंचीबरोबर एक्सलला एका बाजूला ओढतो, ते वेगळंच.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हेडलाइटची. हिशेब सोपा आहे. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. फक्त पुढची बाजू ५० मिलिमीटर वर केली, तर गाडी दोन टक्के मागे कलली. हेडलाइटचा लो बीम साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो. एक टक्का खाली होता, आता एक टक्का वर गेला. पंचवीस मीटरवर तो झोत पूर्वी होता त्यापेक्षा अर्धा मीटर वर पडतो. म्हणजे समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत. त्याला ती हायबीम वाटते, तो शिवी घालतो, आणि थारवाल्याला वाटतं की आपला तर लो बीमच आहे. दिव्यांचा कोन स्क्रूने खाली आणता येतो. दहा मिनिटांचं काम. पण रीलमध्ये ते नसतं, म्हणून करायचं राहून जातं.

थार रॉक्ससारख्या, २०२४ मध्ये आलेल्या गाडीत याला आणखी एक फाटा फुटतो. वरच्या मॉडेलना काचेमागे कॅमेरा आहे, जो लेन आणि पुढची गाडी ओळखतो आणि वेळेला ब्रेक लावतो. नाक वर गेलं की कॅमेऱ्याची नजरही वर गेली. तो पुन्हा बसवून घेण्याची सोय कोपऱ्यावरच्या गॅरेजात नाही.

बरं, एवढं करून मिळतं काय?

इथे गंमत आहे. लोक सांगतात की मुंबईत खड्डे आहेत, पाणी भरतं, स्पीडब्रेकर आहेत, म्हणून गाडी उंच हवी. थारचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच २२६ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर उंच. आपल्याकडचे अनेक स्पीडब्रेकर त्या मापाचे नसतात हे मान्य, पण २२६ ला भिडणारा स्पीडब्रेकर म्हणजे भिंतच झाली.

आणि पुढची बाजू ५० मिलिमीटर वर केली, तर मधल्या पोटाखाली वाढतात फक्त २५. मागच्या एक्सलखाली वाढतात शून्य. कारण मागचा डिफरन्शिअल एक्सलवरच आहे आणि एक्सल टायरवर उभा आहे. स्प्रिंग कितीही उंच करा, एक्सल जिथे आहे तिथेच राहणार. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. दगडावर आधी काय आपटतं, तर तोच डिफरन्शिअलचा गोळा.

वाढतो तो पुढच्या चढाला भिडण्याचा कोन. थारचा तो आधीच चाळीस अंशांच्या पुढे आहे. मागचा उतरण्याचा कोन तर नाक वर केल्यामुळे थोडा कमीच होतो. गांधी मार्केट आणि हिंदमाताच्या पाण्याचं म्हणाल, तर इंजिन हवा जिथून घेतं ती जागा किती वर आहे यावर सगळं ठरतं. दीड-दोन इंचांनी तिथे फारसा फरक पडत नाही. फोर्स गुरखा कंपनीतूनच स्नॉर्कल घेऊन येते, ते याच कारणासाठी.

म्हणजे ज्याने पुढे विंच लावून नाक खाली आणलंय, त्याच्यासाठी लेव्हलिंगला अर्थ आहे. बाकीच्यांसाठी हा बऱ्याच अंशी दिसण्याचा मामला आहे. दिसण्यासाठी पैसे घालवणं हा काही गुन्हा नाही. पण हा विशिष्ट प्रकार गुन्हा ठरू शकतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल. सीएनजी किट, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेले बदल अशा गोष्टींसाठी परवानगीची वाट ठेवलेली आहे.

९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर महत्त्वाचा निकाल दिला. केरळमधलं प्रकरण होतं, आरटीओ विरुद्ध के. जयचंद्रन. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरण यांच्या पीठाने सांगितलं की कंपनीने नोंदणीसाठी दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने दिलेली मुभा त्यांनी रद्द केली. 'मॉडिफिकेशनवर बंदी' अशा मथळ्याने फिरतो तो निकाल हाच.

त्याच वर्षी कायदाही बदलला. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२-अ लागू झालं. कायद्यात न बसणारा बदल केला, जोडभाग बसवले तरी, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचायला हवेत. किट एक, टायर दोन, बंपर तीन. काश्मीरमधल्या एका वाहतूक न्यायालयाने बदल केलेल्या थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. नंतर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं आणि गाडी मूळ रूपात आणायला लावली. म्हणजे हे कलम कागदावरच पडून आहे असं समजायचं कारण नाही.

पण आता एक पेच बघा. नोंदणी प्रमाणपत्रावर काय काय असतं? इंजिन नंबर, चासी नंबर, बॉडीचा प्रकार, चाकांमधलं अंतर, रिकाम्या गाडीचं वजन, किती सीट, रंग. ग्राउंड क्लिअरन्स नसतो. आणि कलम ५२ मध्येच 'बदल' या शब्दाची व्याख्या दिली आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं.

मग दोन इंचांच्या चकतीने थारचं मूलभूत स्वरूप बदललं का? गाडीवाला म्हणेल नाही, आरसीवरचा एक शब्दही बदललेला नाही. निरीक्षक म्हणेल, कंपनीने ज्या उंचीवर गाडी चाचणीला दिली, ज्या उंचीवर तिचे ब्रेक आणि दिवे तपासून मान्यता मिळाली, ती उंची आता नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. कायद्याने इंच-मिलिमीटरमध्ये रेघ ओढलेली नाही, त्यामुळे रेघ कुठे आहे हे समोरचा अधिकारी त्या दिवशी ठरवतो. वडाळ्यात एक, ताडदेवला दुसरं आणि पुण्यात तिसरं असं होऊ शकतं, आणि तेच या सगळ्यातलं सर्वांत वाईट आहे.

बाहेर बघितलं तर ही रेघ ओढता येते हे दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या अनेक राज्यांत सस्पेन्शनची उंची सुमारे ५० मिलिमीटरपर्यंत ठरावीक अटींवर वाढवता येते, त्यापुढे अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत किटबरोबरच तपासणी अहवाल येतो, तो दाखवून, गाडी तपासून, बदल कागदपत्रांत चढवता येतो. वाईट किट तिथे अहवालाअभावी बाहेर पडतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. अशी चाचणी करणाऱ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पण त्यांचे दरवाजे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. चेंबूरच्या एका थारवाल्याला आपलं एकच किट प्रामाणिकपणे तपासून, आरसीवर चढवून घ्यायचं असेल, तर त्यासाठी सोपी वाटच नाही. जी गोष्ट कायदेशीरपणे करता येत नाही, ती मग सगळेच बेकायदेशीरपणे करतात. त्यात नीट काम करणारा आणि चकती ठोकून मोकळा होणारा, दोघेही एकाच रांगेत बसतात. बंदीने किट थांबलं नाही, फक्त त्याची तपासणी थांबली.

गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तिथल्या गाड्या बघितल्या तर लेव्हलिंग किट खेळण्यासारखं वाटेल. पण त्या गाड्यांचं काम शर्यतीच्या मैदानावर असतं. सोमवारी त्याच गाडीने शाळेत मुलं सोडायची वेळ आली की हा सगळा कायदा लागू होतो.

विमा आणि उलटण्याची भीती

विम्याचं बहुतेकांना अपघातानंतर कळतं. तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई नाकारायला विमा कंपनीला कायद्याने मोजकीच कारणं दिली आहेत. त्यामुळे तो भाग सहसा सुटतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. गाडीत बदल केला आणि कंपनीला कळवला नाही, तर दावा कापायला किंवा नाकारायला त्यांच्या हातात मुद्दा येतो. सर्व्हेअर पुढचं चाक उघडून बघतो, काळी चकती दिसते, फोटो काढतो. पुढचा पत्रव्यवहार लांबतो. कळवायचं म्हटलं, तर कंपनी विचारणार की आरटीओची मान्यता कुठे आहे. म्हणजे पुन्हा तोच पेच. गाडीच्या वॉरंटीचंही असंच. बॉल जॉइंट गेला आणि वर स्पेसर सापडला, तर सर्व्हिस सेंटरशी भांडण्यात फारसा अर्थ राहत नाही.

उलटण्याबाबत मात्र सोशल मीडियावर दोन्ही टोकांना अतिशयोक्ती असते. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था यासाठी एक सोपं गणित वापरते. दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. कारसाठी हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हींसाठी १ ते १.३. समजा रुंदी १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर. उत्तर १.०७. फक्त नाक दोन इंच वर केलं तर गुरुत्वमध्य वीस-पंचवीस मिलिमीटरच चढतो, उत्तर १.०३ च्या आसपास. फरक आहे, पण भयंकर नाही. मग मालक मागूनही उचलतो, कारण आता मागची बाजू पडलेली दिसते. मग मोठे टायर, कारण चाकाभोवती पोकळी दिसते. मग छतावर कॅरिअर, त्यावर स्टेपनी आणि पाण्याचे कॅन. गुरुत्वमध्य ७७५ वर गेला की उत्तर एकच्या खाली. खंडाळ्याच्या वळणावर अचानक कट मारावा लागला तर हे गणित कामाला येतं. एकट्या चकतीने गाडी उलटत नाही. पण चकतीवर गोष्ट क्वचितच थांबते.

मग ज्याच्या गाडीला आधीच लावलंय त्याने काय करायचं?

सेकंडहँड जुनी थार घेणाऱ्यांत असे बरेच असतील, ज्यांना आपल्या गाडीचं नाक कुणी, कधी आणि किती वर केलंय हेच माहीत नाही. बघायचा साधा मार्ग आहे. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं, चारही चाकांना. मग न छेडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीशी ताडून बघायचं. टॉर्शन बारची गाडी असेल तर खाली वाकून बोल्ट किती आत गेलाय ते दिसतं. नव्या थारमध्ये बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या माथ्याचे बोल्ट दिसतात. त्यांच्याखाली चकती असेल तर लपत नाही.

तपासणीपुरतं उतरवून परत चढवू, असा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. तो देणाऱ्याचं काही जात नाही. अपघात झाला की चौकशी त्या दिवशीच्या गाडीची होते, तपासणीच्या दिवसाची नाही.

तरीही जे किट ठेवणारच आहेत, त्यांनी निदान काम अर्धवट सोडू नये. उंची बदलली की अलाइनमेंट करावीच लागते, आणि 'टो सेट केला' एवढ्यावर भागत नाही, कॅम्बर आणि कॅस्टरचे आकडे असलेला कागद मागायचा. चाक पूर्ण लोंबलेलं असताना आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, हे फिटरला समोर दाखवायला लावायचं. दिव्यांचा झोत भिंतीवर मारून खाली आणून घ्यायचा. हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे आणि जॉइंटचं बूट फाटलंय का ते बघायचं. विंचमुळे नाक पडलं असेल, तर त्या वजनासाठी बनवलेली स्प्रिंग आणि तिला जोडीचा शॉकअप हा चकतीपेक्षा नक्कीच बरा उपाय आहे. तो कितीतरी महाग पडतो, आणि कायद्याच्या नजरेत तोही त्याच धूसर जागेत उभा आहे. पुढच्या लोखंडी बंपरला मात्र ती धूसर सवलतही नाही. केंद्रीय मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना पत्र पाठवून असे बुल बार कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलेलं आहे.

आणि नोंदणी संपत आलेल्या २०१० आणि २०११ च्या थारवाल्यांसाठी एक बरी बातमी आहे. त्यांच्या गाडीतला बदल बहुतेक वेळा एका बोल्टचा आहे. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो. तेवढ्या वेळात बोल्ट मूळ मापावर सैल करणं, शॅकल जुने बसवणं आणि अलाइनमेंट करून घेणं सहज होतं. अडचण येते ती मूळ भाग सापडत नाहीत तेव्हा. दहा वर्षांपूर्वी काढलेले शॅकल भंगारात गेलेले असतात, आणि मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या स्पेअरच्या दुकानांमध्ये तेच परत शोधत फिरावं लागतं.